कुडावरचं पाखरांचं

तुमच्या ग्रामपंचायतीनं आज सकाळी माझ्या मुगाच्या शेंगा अंगणभर उधळल्या. जुन्या लुगड्यावर नीट पातळ पसरून, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून मी हापशावर गेले, तेवढ्यात सातीच्या साती हजर. एकानं शेंग उलटी करायची, दुसऱ्यानं त्याच्या अंगावर वरडायचं, तिसऱ्यानं दोघांला समजावायचं, आणि एवढा कालवा करून सगळ्यांत मिळून अळी सापडली एक. मी खराटा घेऊन धावले तर उडून कुडावर बसले आणि तिथून मलाच बोलायलेत. ही सवय त्यांला तुमी लावली. माणसानं परसात काही ठेवलं की ते आपल्यासाठीच ठेवलंय, ही समजूत काही सातभाई अंड्यातून घेऊन निघत न्हाईत. तुमी लाडावून ठेवलं आणि खुशाल निघून गेल्या. खराटा घेऊन धावायला मी राहिले. ही तकरार आधी. बाकीचं मागून.

आत्याबाई, तुमी होत्या तवा मला अक्षर येत न्हवतं, आणि अक्षर आलं तवा तुमी न्हवत्या. तुमी गेल्यावर वस्तीतल्या समाजमंदिरात बायांचा वर्ग निघाला. पहिल्या दिवशी गर्दी, दुसऱ्या दिवशी निम्म्या, मग मी आणि दोन म्हाताऱ्या. शिकवणारी पोरगी माझ्या लेकीच्या वयाची. मी पाटीवर ‘घर’ लिहिलं तर म्हणाली, शाबास. मी म्हणलं, बाई, घर सारवायला शाबास कोणी म्हणलं न्हाई, लिहायला लगेच? तेवढंच शिक्षण. जोडाक्षर दिसलं की मी अजून वळसा घालून जाते. हा कागद नातीच्या वहीतला हाय. ती पहिलीत जाते, आणि आजी काय लिहायलीय म्हणून मानेवर येऊन बसायलीय. तिला म्हणलं, तुझ्या पणजीला लिहायलेय. तर म्हणते, तिला वाचता यायचं का? न्हाई म्हणलं. मग हसत पळाली.

तुमाला वाचता येत न्हवतं, पण परसातल्या सगळ्यांची नावं तुमी ठेवली. सातभाई म्हणजे ग्रामपंचायत, कारण सगळे एकदम बोलतात आणि ठरत काही न्हाई. न्हाणीच्या दगडाखालचा बेंडूक म्हणजे तलाठी; पावसाळ्यात दिसतो, बसून राहतो, हलवला तर रागावतो. मुंगूस म्हणजे जावई. न सांगता यायचं, अंडं खायचं आणि मागं वळून बघायचं न्हाई. मी नवी लग्न होऊन आले तवा तुमी शेजारणीला सांगायल्या होत्या, ‘तलाठी आलाय, न्हाणीत बसलाय.’ मी पदर सावरून घरात पळाले. त्यावर तुमी दोघी किती हसल्या ते मी अजून विसरले न्हाई, आणि माफही केलं न्हाई.

त्याच आठवड्यात तुमचं पहिलं बोलणं खाल्लं. घुगऱ्यांचं उकळतं पाणी मी मोरीत ओतलं. तुमी चुलीपुढून उठून आल्या. ‘पाणी टाकायच्या आधी सांगितलंस का?’ मी म्हणलं, कोणाला? ‘खाली राहतात त्यांला.’ आणि मला करून दाखवलं. भांडं हातात धरून मोरीत वाकायचं आणि वरडायचं, ‘सरका रं, ऊन पाणी आलं!’ मग जरा थांबायचं. मग टाकायचं. माझ्या माहेरी माणसांला कोणी सरका म्हणून सांगत न्हवतं, सरळ ढकलत होते. आणि इथं बेंडकाला वर्दी. मी रागानं मुद्दाम एवढ्या जोरात वरडायला लागले की रस्त्यानं जाणारे दचकून बाजूला व्हायचे. वाटलं, तुमी वैतागून नको म्हणाल. तुमी म्हणाल्या, ‘आता कसं, पलीकडच्या नाल्यातल्यांलाही कळलं.’ काय करावं अशा माणसाचं.

तुमी देव मानत न्हवत्या. धर्म बदलला त्या साली घरातले टाक आणि खंडोबा तुमी स्वतः पदरात घालून नदीवर नेले आणि सोडून आल्या. भिंतीतली देवळी मोकळी झाली. शेजारपाजारच्यांनी तिथं आरसा ठेवला, कोणी बुद्धाचा फोटो ठेवला. आपल्या देवळीत चिमणीनं काड्या आणल्या. तुमच्या लेकानं त्या काढायला हात घातला तर तुमी म्हणाल्या, ‘देव सोडले, जीव न्हाई सोडले. राहू दे.’ तवापासून ती देवळी चिमणीची. सकाळी भाकरी थापायच्या आधी ज्वारीची मूठ अंगणात, आणि परळात पाणी. डब्यात चिमण्यांची ज्वारी वेगळी. तिला कोणी हात लावायचा न्हाई.

यंदा संक्रांतीच्या वक्ताला त्या विद्यापीठाचं नामांतर एकदाचं झालं. रेडिओवर सांगितलं, पोरांनी वस्तीत साखर वाटली. मी ते विद्यापीठ अजून बघितलं न्हाई, बघणारही न्हाई. पण त्याच्या नावापायी एका पावसाळ्यात आपल्या चुली कशा थंड पडल्या होत्या ते मला ठाऊक हाय, आणि साखर तोंडात टाकली तशी मला ती कुडावरची भाकर आठवली. तवापासून हा कागद लिहायचा होता. खुरपणं संपलं, मूग काढून झाला, तवा हात रिकामा झाला.

त्या साली लांबच्या गावांतून घरं जाळल्याच्या बातम्या यायल्या होत्या. आपल्या गावानं आग लावली न्हाई. आपल्या गावानं नुसतं तोंड फिरवलं. वस्तीतल्या कोणाला कामाला सांगायचं न्हाई, दुकानातून माल द्यायचा न्हाई, गिरणीत दळण घ्यायचं न्हाई, बोलायचं न्हाई. जो बोलेल त्याला दंड. पाणी तेवढं बंद करता आलं न्हाई, कारण आपली विहीर त्यांनीच पहिल्यापासून वेगळी ठेवली होती. तुमचा लेक पूर्णेला रेल्वेच्या गँगवर होता. एरवी चुडाव्याला उतरून पायी यायचा, त्या दिवसांत त्याला कोणी येऊ दिलं न्हाई आणि आमीही येऊ नको म्हणून निरोप दिला. घरात तुमी, मी, आठ वर्षांची लेक आणि अंगावरचा पोरगा. दळण जात्यावर. पण जात्यात घालायला काही पाहिजे ना.

आणि तुमी रोज सकाळी उठून चिमण्यांला मूठभर ज्वारी टाकायच्या. मला ते बघवलं न्हाई. मी तुमच्या हातातली मूठ धरली. ‘लेकराच्या तोंडातलं काढून पाखरांला?’ तुमी हात सोडवून घेतला न्हाई. म्हणाल्या, ‘लेकराचं न्हाई. माझं.’ मी म्हणलं, तुमचं असलं तरी ते घरातलंच हाय. तुमी म्हणाल्या, ‘गावानं आपल्याला दाणा बंद केला. आपुन ह्यांला बंद केला तर आपल्यात आणि गावात काय राहिलं गं?’ मला त्या वक्ताला असली वाक्यं ऐकायची न्हवती. पोट भरलेल्याला बोलायला बरी असतात. पण तुमचंही पोट भरलेलं न्हवतं. त्या दिवसापासून मी ध्यान ठेवलं. तुमी खरंच आपल्या भाकरीतला चतकोर कमी खायच्या आणि खाऊन झालं म्हणून पाणी प्यायच्या. मूठ लहान केली, पण टाकली. मी तुमाला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहीत न्हाई. जोडाक्षरं लय हायत त्यात.

आपल्या कुडाच्या पलीकडं आखाडा, म्हणजे शेतकऱ्याचं घर आणि गोठा. तिथल्या बाईकडं तुमी जन्मभर खुरपलं, वेचलं, तिच्या पोरांची आजारपणं काढली. तिच्याशी तुमचं नुसतं कामापुरतं न्हाई, पाखरांपुरतंही जमायचं. कुडाच्या दोन्ही बाजूंनी उभ्या राहून मुंगूस कोणाचं यावर भांडायच्या. तिची अंडी गेली की तुमचा जावई, साप मेला की तिचा. त्या साली ते भांडण बंद. ती आखाड्यावर दिसायची, मान खाली घालून गोठ्यात जायची. तुमी सातभाईंकडं बघून मोठ्यानं म्हणायच्या, ‘ही पंचायत बरी रं बाबा, कोणाला वाळीत टाकत न्हाई.’ तिला ऐकू जावं म्हणूनच.

मग एका दुपारी कुडात खोचलेलं फडकं दिसलं. मी सोडून बघते तर ज्वारीच्या भाकरी, मधी ठेचा आणि वाटाण्याच्या उसळीचा गोळा. अजून गरम. माझी लेक पळत आली, माझा हात भाकरीवर, आणि मागून तुमी. ‘कुठं होतं?’ कुडावर, मी म्हणलं. ‘मग ते पाखरांचं.’ माझ्या हातातून तुमी फडकं घेतलं, परसाच्या मधोमध बसल्या आणि भाकरीचे बारीक तुकडे करून टाकायला लागल्या. गरम भाकर, आत्याबाई. वाफ निघायलीय तिच्यातून, आणि माझी पोरगी बघायलीय. मी त्या दिवशी तुमाला कैदाशीण म्हणलं. तुमी तुकडे करत राहिल्या. ग्रामपंचायत आली. एकाच्या चोचीत तिखट गेलं तर तो उड्या मारायला लागला, आणि बाकीचे सहा त्याला काय झालं म्हणून त्याच्यावरच वरडायलेत. माझी लेक हसली. तुमी हसल्या. रागानं फणफणत होते ती मीपण हसले, हे मला अजून पटत न्हाई. लय दिवसांनी त्या परसात कोणी हसलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फडकं. पुन्हा पाखरं. तिसऱ्या दिवशी कुडाच्या पलीकडून ती बोललीच. दबक्या आवाजात, दोन्हीकडं बघत. ‘म्हातारे, डोकं फिरलं का तुझं? लेकरांसाठी ठेवते आणि तू साळुंक्यांला घालतेस?’

‘कुडावरचं पाखरांचं असतं, बाई. माणसाचं दारात येतं.’

‘दारात कशी येऊ? दंड पडेल माझ्या घरावर.’

‘मग नका येऊ. पाखरं दुवा देतील तुमाला.’

‘पोरं उपाशी ठेवशील, पण मान खाली घालणार न्हाईस.’

‘पोरं उपाशी मी ठेवली का, बाई?’

मी घरातून ऐकायले होते आणि मला दोघींच्याही झिंज्या उपटाव्याशा वाटायल्या होत्या. कुडावर ठेवलेलं वेचून खायचं, उरलेलं वरून टाकलेलं झेलायचं, हे तुमच्या सासूनं जन्मभर केलं होतं आणि तुमी नव्या धर्मासंगं ते सोडलं होतं, हे मला कळत होतं. पण कळणं एकीकडं आणि भाकरीचा वास एकीकडं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, सांजवेळी, ती बैलांचे खांदे मळायली होती. तूप आणि हळद लावून, दोन्ही हातांनी, आणि कानात सांगायली होती, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दरसालची रीत. नेहमी तुमी कुडाशी उभ्या राहून ऐकायच्या आणि म्हणायच्या, तुमच्या बैलाचा मान मोठा. त्या दिवशी बैलांचं झाल्यावर ती कुडाजवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘उद्या पुरणाच्या पोळ्या ठेवीन गं. सणाचं हाय. पाखरांला नको घालू.’

तुमी कूड दोन्ही हातांनी धरला. आवाज चढवला न्हाई. ‘बैलाला गोठ्यात जाऊन आवतण दिलं तुमी. अंगाला हात लावून. मला कुडावरून देता?’

तिच्या बांगड्या वाजल्या, गोठ्याचं झापड वाजलं, आणि ती गेली. मी तुमाला म्हणलं, झालं? आता भाकरही गेली. तुमी म्हणाल्या, ‘गेली तर गेली.’ पण त्या सांजेला तुमी मोरीत पाणी टाकताना वरडल्या न्हाईत. विसरल्या. एवढ्या सालांत पहिल्यांदा. मी मागून जाऊन वरडले, ‘सरका रं.’ थंड पाणी होतं, तरी.

पोळ्याच्या दिवशी ती आली. कुडाकडून न्हाई. आखाड्यावरून आपल्या परसात यायला चार पावलं. ती सगळ्या गावाला वळसा घालून, चावडीपुढून, भर दुपारी, डोक्यावर पदर आणि हातात झाकलेलं ताट घेऊन आली. मागं पोरं लागली होती. दारात उभी राहिली आणि तिला पुढं काय करावं ते कळंना. मी ताट घ्यायला धावले तर तुमी मला डोळ्यानं थांबवलं. ‘या. बसा. आधी पाणी घ्या.’ घोंगडी टाकली. तांब्या भरून पुढं ठेवला. ती घोंगडीवर बसली, तांब्याकडं बघायली, आणि हात काही पुढं होईना. मला वाटलं, आता ही उठून जाते. तेवढ्यात देवळीतून चिमणी भुर्रकन बाहेर आली आणि तिच्या पदरावर काडी पडली. तिनं वर बघितलं. ‘अगं बया, देवाच्या जागी चिमणी?’

‘भाड्यानं दिलीय,’ तुमी म्हणाल्या.

ती एवढी हसली की पदर डोक्यावरून गळाला. हसता हसता तांब्या उचलला आणि प्याली. वरून न्हाई, तोंड लावून प्याली. दारातली पोरं बघत होती. मग ताट तुमी घेतलं, दोन्ही हातांनी.

पोळ्या काढून घेतल्या आणि ताट मोकळं झालं. मोकळं ताट परत द्यायचं न्हाई, ही रीत तुमची. घरात काय होतं? तुमी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि चिमण्यांचा डबा काढला. तळाला होती ती सगळी ज्वारी ताटात पालथी केली. ‘घ्या, बाई. आमच्या घरची.’ तिनं त्या ज्वारीकडं बघितलं, मग तुमच्याकडं. तिला कळलं होतं की आता हे ताट घेऊन पुन्हा चावडीपुढून जायचंय. तिनं झाकण घातलं न्हाई. उघडंच घेऊन गेली. तुमी पोळी मोडली, पहिला घास लेकीला, मग पोराला, मग मला, आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटचा तुकडा परसात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमण्या अंगणात आल्या तर डबा रिकामा. तुमी त्यांला हात जोडून म्हणाल्या, ‘आज फक्त पाणी.’

त्यांच्या घरी रात्री काय बोलणं झालं ते कुडातून ऐकू आलं, लिहीत न्हाई. गाव काही तिच्या एकटीमुळं सुधारलं न्हाई. कापसात तण गुडघ्याला लागलं तसा गावाचा ताठा उतरला आणि खुरपायला बोलावणं आलं. पण तिच्या घरी तुमी पुढच्या दारानं जायला लागल्या आणि मुंगसावरचं भांडण पुन्हा सुरू झालं. त्यानंतर तीन का चार पावसाळे तुमी होत्या. शेवटी अंथरुणावरून मला म्हणाल्या, ‘पाणी टाकताना सांगत जा.’ नातवंडांचं काही बोलल्या न्हाई, लेकाचं न्हाई. बेंडकाचं बोलल्या.

आज पुन्हा पोळ्याचा आदला दिवस. पलीकडं आता तिची सून खांदे मळायलीय, एकाच जोडीचे. बाकी ट्रॅक्टर हाय. ती बाई मागच्या थंडीत गेली. एवढी सालं कुडाच्या अलीकडं-पलीकडं राहिलो, पण एक गोष्ट मी तिला विचारली न्हाई. त्या ज्वारीचं तिनं काय केलं. दळून घरात भाकर केली, का वाटेत कुठं कडेला टाकली, का आपल्या गोठ्यापुढं पाखरांला घातली. कितीदा तोंडावर आलं. माझ्या जिभेला हाड न्हाई असं सगळं गाव म्हणतं, पण हे विचारायला ती उचलली न्हाई. पाखरांला घातली म्हणाली असती तर मी पुन्हा तिच्याकडं कसं बघितलं असतं, मला ठाऊक न्हाई.

मेल्यावर कोणी कुठं जात न्हाई, हे तुमीच सांगायच्या. म्हणून हा कागद कुठं धाडायचा हा प्रश्नच न्हाई. देवळीत सारून ठेवते, चिमणीला लागला तर लागला. नातीला विचारलं, चिठ्ठीच्या शेवटी काय लिहितात? ती म्हणाली, खरं काय ते लिही. तर खरं हे. शेंगांवर बोरीची एक काटेरी फांदी टाकली असती तर ग्रामपंचायत फिरकली नसती, हे मला पहिल्यापासून ठाऊक हाय. टाकली न्हाई. उद्याही टाकणार न्हाई.

आणि समजा तुमचंच चुकलं असलं, आणि तुमी दोघी कुठं कुडाला टेकून मुंगसावरनं भांडत बसल्या असाल, तर ज्वारीचं तिला विचारा. उत्तर तिनंच द्यायचं. तुमी मधी एक अक्षर बोलायचं न्हाई.